कोड सर्वांसाठी खुला करण्याआधी परवाना कसा तपासावा

कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर टाकला की तो ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणारा झाला, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. परवाना जोडला नसेल तर कॉपीराइटचे सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात. लोक कोड वाचू शकतात, पण आपल्या प्रकल्पात तो वापरण्याचा हक्क त्यांना मिळत नाही. त्यामुळे रेपो (प्रकल्पाच्या कोडचा साठा) सार्वजनिक करण्याआधी खालची तपासणी कराच.

सुरुवात मालकीपासून करा. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालकी कंपनीकडे जाते. करारात वेगळं ठरलं असेल तरच अपवाद. म्हणून कंपनीची परवानगी लेखी घ्या.

यानंतरच्या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या: तुमच्या कोडमध्ये दुसऱ्यांचं काय काय आहे? प्रत्येक फोल्डर उघडा, फाइलींच्या वरच्या ओळी वाचा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचं उत्तर जसंच्या तसं चिकटवलं असेल तर तेही नोंदवा, कारण तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश (मूळ लेखकाचं नाव देणं) आणि समान-परवाना (बदललेलं कामही त्याच परवान्याखाली देणं) या अटींवर मिळतो. फॉन्ट, आयकॉन, नमुना डेटा यांच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. मराठी ॲपमध्ये ‘मुक्ता’ फॉन्ट घातला असेल तर त्याला एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स लागू होतं. तो सोबत देता येतो, पण परवान्याचा मजकूरही बरोबर द्यावा लागतो आणि नुसता फॉन्ट विकता येत नाही. लायब्ररींची (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची) यादी त्या बसवणाऱ्या साधनाकडून, म्हणजे पॅकेज मॅनेजरकडून काढा, त्या लायब्ररी ज्यांवर अवलंबून आहेत त्यांच्यासकट. स्कॅनकोड किंवा फॉसॉलॉजी ही मोफत साधनं बरंच शोधून देतात, तरी शंकास्पद फाइल स्वतः वाचायलाच हवी.

यादी हातात आली की परवाने एकमेकांशी जुळतात का ते पाहा. एमआयटी आणि बीएसडी हे परवाने सोपे: मूळ सूचना जपायची. अपाचे २.० च्या कोडसोबत ‘नोटीस’ फाइल असेल तर तिच्यातले श्रेयोल्लेख पुढे न्यावे लागतात. जीपीएल परवान्याचा कोड मिसळून प्रोग्राम वाटला, तर तो पूर्ण प्रोग्राम जीपीएलखालीच द्यावा लागतो. जीपीएल तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाचे २.० हा जीपीएल ३ शी जुळतो, जीपीएल २ शी नाही. त्यामुळे जीपीएल कोडच्या सूचनेत ‘आवृत्ती २ किंवा त्यानंतरची’ असे शब्द आहेत का, हे बारकाईने पाहा; असतील तर आवृत्ती ३ निवडता येते. ‘फक्त अव्यावसायिक वापरासाठी’ असं लिहिलेलं काहीही काढून टाका. ती अट ओपन सोर्सच्या व्याख्येत बसत नाही.

आता तुमचा परवाना निवडा. रेपोच्या सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये त्याचा पूर्ण मजकूर ठेवा आणि प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एसपीडीएक्सची (परवान्याचं नाव ठरावीक लघुरूपात सांगणारी) एक ओळ लिहा. स्वतःचा परवाना स्वतः रचू नका. वकिलाशिवाय त्याचा अर्थ कुणाला लागणार नाही, आणि लोक तो कोड वापरायचं टाळतील.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचा इतिहास विसरू नका. पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरण्याची गुप्त किल्ली) नव्या कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नव्या नोंदीत पुसली तरी जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते. आधी ती की रद्द करा, मग गिट-फिल्टर-रेपो या साधनाने इतिहास साफ करा.

शेवटी, ज्या मशीनवर कधी काम केलेलं नाही तिथे कोड उतरवून फक्त रीडमीच्या (रेपोतल्या माहितीच्या फाइलच्या) आधारे बिल्ड करून, म्हणजे चालणारा प्रोग्राम तयार करून पाहा. तयार झालेलं पॅकेजही उघडा: रेपोमध्ये असलेली परवान्याची फाइल पॅकेजमध्ये आली नसेल, तर बिल्डची सेटिंग्ज दुरुस्त करून मगच आवृत्तीचा टॅग (गिटमधली क्रमांकाची खूण) लावा.