बँड सोडल्यानंतरचं दीड वर्ष

शेवटच्या गिगनंतर जॅम रूमची किल्ली परत द्यायला गेले, तेव्हा आमचा ड्रमर म्हणाला, "आता लगेच काहीतरी काढ गं, नाहीतर लोक विसरतील." त्याला माझी काळजी होती म्हणूनच तो बोलला. मी ऐकलं आणि तीन महिन्यांत दोन गाणी रेकॉर्ड केली. त्यातलं एकही आज माझ्या अल्बमवर नाही. ऐकायला ती ठीक होती, पण आमच्याच बँडची गाणी बँडशिवाय वाजवल्यासारखी वाटायची. गिटारचा जो तुकडा आमच्या गिटारिस्टने वाजवला असता, तोच मी दुसऱ्याकडून वाजवून घेत होते.

पुण्यात एका प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमध्ये मी सहा वर्षं गायले. नऊ-नऊ मिनिटांची गाणी, मध्येच बदलणारे ताल, शब्द बहुतेक माझे. बँड सोडल्यावर पहिला स्वतंत्र अल्बम यायला मला वीस महिने लागले. गेल्या वर्षभरात चार-पाच गायक-गायिका माझ्याकडे येऊन बसल्या आणि सगळ्यांनी हेच विचारलं, की सोडल्यावर सुरुवात कुठून करायची? त्यांना तुकड्या-तुकड्यांत सांगितलं, ते इथे सलग लिहिते. माझा अनुभव एका अल्बमचा. म्हणून ज्याच्याकडून मी शिकले, त्या माणसाची गोष्ट सोबत घेते.

पीटर गॅब्रिएल जेनेसिस या इंग्लिश बँडचा गायक. शाळेतल्या मित्रांनी 1967 मध्ये सुरू केलेला बँड. 1974 मध्ये त्यांनी 'द लॅम्ब लाइज डाऊन ऑन ब्रॉडवे' हा दुहेरी अल्बम केला. त्यातले जवळजवळ सगळे शब्द गॅब्रिएलचे, तर संगीताचा बराचसा भाग बाकीच्यांनी उभा केलेला. त्याच वर्षी जुलैत त्याची पहिली मुलगी जन्मली. बाळंतपण अवघड गेलं, बाळाच्या जिवाची काळजी होती आणि इकडे रेकॉर्डिंग अडलेलं. घर आणि बँड यांच्यात तो पुरता ओढला गेला. नोव्हेंबर 1974 मध्ये, अमेरिकेचा दौरा नुकताच सुरू झाला असताना, क्लीव्हलंडमध्ये त्याने सहकाऱ्यांना सांगितलं की मी बँड सोडतोय.

पुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याने दौरा पूर्ण केला. मे 1975 पर्यंत, म्हणजे सहा महिने, तो मुखवटे आणि वेशभूषा चढवून रात्रीमागून रात्र तेच दीड तासाचं कथानक गात राहिला, आणि ही गोष्ट बाहेर फुटली नाही. ऑगस्ट 1975 मध्ये ती जाहीर झाली, तेव्हा त्याने संगीतविषयक वर्तमानपत्रांना पत्र लिहिलं. त्यात कुणावर आरोप नव्हते. आमच्या गाण्यांसाठी आम्हीच उभारलेली गाडी आमचीच मालकीण होऊन बसली, असा त्याचा आशय होता.

मी बँडला सांगितलं ते एका गिगच्या साउंडचेकला, तोंडी, चिडलेली असताना. त्या रात्री आम्ही पाचही जण वाईट वाजवलं, आणि ऐकायला आलेल्या लोकांचा त्यात काहीच दोष नव्हता. आजही त्याचं वाईट वाटतं. तुम्ही असं करू नका. हातात घेतलेले कार्यक्रम संपवा. सोडण्याचं कारण आधी स्वतःला एका वाक्यात सांगता येतंय का पाहा आणि मगच बँडला सांगा. मला ते वाक्य सापडायला पाच महिने लागले: मला हळू गायचं होतं, आणि आमच्या गाण्यांत तशी जागाच उरली नव्हती. ते साउंडचेकच्या आधी कळलं असतं तर भांडण झालंच नसतं.

गॅब्रिएलचा पहिला अल्बम फेब्रुवारी 1977 मध्ये आला. बातमी जाहीर झाल्यापासून दीड वर्षाने. मधल्या काळात तो इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळच्या घरी राहिला, मुलीला वेळ दिला, भाज्या लावल्या, पियानोचा रियाज केला, गाणी लिहिली. नवीन माणसाला हा काळ वाया गेल्यासारखा वाटतो. माझं मत उलटं आहे: अल्बम त्या दीड वर्षातच होतो, स्टुडिओत फक्त नोंदवला जातो. बँडमध्ये गाणं कधीच एकट्याचं नसतं. मी एक ओळ गुणगुणायचे आणि दहा मिनिटांत तिला बेस, ड्रम, कीबोर्ड लागलेले असायचे. माझी चाल मुळात कशी होती हे मला सहा वर्षांत कळलंच नव्हतं. ते कळायला शांतता लागते.

या काळात करायच्या दोन गोष्टी सांगते. एक, कुठलंही एक वाद्य स्वतःच्या गाण्याला साथ देण्याइतपत शिका. मी पेटी घेतली, कारण घरात होती. दोन, रोज फोनवर कच्चं रेकॉर्डिंग करा आणि तारखेसकट ठेवा. माझी एकशे चाळीस झाली होती. त्यातली नऊ अल्बममध्ये गेली.

आता त्या गाण्याकडे येते ज्याच्यासाठी मी हे सगळं वाचत गेले. बाथच्या शेजारी सोल्सबरी नावाची टेकडी आहे. 'सोल्सबरी हिल' हे गॅब्रिएलचं पहिलं एकल गाणं तिच्यावर आणि बँड सोडण्याच्या निर्णयावर आहे. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते 13 व्या क्रमांकापर्यंत गेलं. रेडिओवर सहज चालणारं, गुणगुणता येणारं गाणं. पण बोटांच्या पेरांवर मात्रा मोजा. सात येतात.

मी लहानपणी सहा वर्षं शास्त्रीय शिकले आहे. रूपक हा सात मात्रांचा ताल आमच्या बाई हातावर टाळी द्यायला लावून शिकवायच्या: तीं तीं ना, धी ना, धी ना. पहिल्याच मात्रेवर खाली, म्हणजे टाळी नाही, म्हणून सुरुवातीला जीव टांगल्यासारखा होतो. पुढे बँडमध्ये आम्ही सातचं माप वापरलं ते श्रोत्याला अडखळायला लावण्यासाठी. हे गाणं ऐकल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा शिरलं की सात मात्रा माणसाला चालवूही शकतात. रूपकची विभागणी तीन-दोन-दोन. या गाण्यात मला चार-तीन ऐकू येते, तेव्हा तो रूपक नाही. पण खालचा ठोका एकसारखा पडत राहतो, वर गिटारचं बोटांनी छेडलेलं आवर्तन फिरतं, आणि पुढची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, थोडी लवकर आल्यामुळे चढावर कुणी पाठीला हात लावल्यासारखं वाटतं. ध्रुवपदाच्या शेवटी दोनदा चारचं माप येतं, तिथे पाय टेकतात आणि पुन्हा सात सुरू होतात. टेकडी चढण्याच्या गाण्याला दुसरं कुठलं माप शोभलं असतं, मला तरी सुचत नाही.

प्रोग्रेसिव्हमधून बाहेर पडणाऱ्या गायकाला दोन मोह होतात. एक, सगळं टाकून साधं पॉप करायचं, म्हणजे आपण बदललो हे सिद्ध होईल. दुसरा, बँडपेक्षाही अवघड करायचं, म्हणजे आपण कमी नाही हे सिद्ध होईल. माझी ती टाकून दिलेली दोन गाणी दुसऱ्या मोहाची होती. जे येतं ते टाकू नका, ते गाण्याच्या पोटात ठेवा. ऐकणाऱ्याला मोजावं लागलं नाही पाहिजे.

माणसं निवडण्याबद्दल. निर्माता म्हणून गॅब्रिएलने बॉब एझरिनला घेतलं. ॲलिस कूपर, लू रीड, किस यांच्यासोबत काम केलेला हा कॅनडाचा माणूस इंग्लिश प्रोग्रेसिव्ह वर्तुळाच्या पूर्ण बाहेरचा. रेकॉर्डिंग मुख्यतः टोरोंटोत झालं. स्टीव्ह हंटर गिटारवर, ॲलन श्वार्ट्झबर्ग ड्रम्सवर, लॅरी फास्ट सिंथेसायझरवर, टोनी लेव्हिन बेसवर: बहुतेक अनोळखी, अनुभवी सेशन वादक, म्हणजे पैसे घेऊन रेकॉर्डिंगपुरते वाजवणारे. ओळखीच्या वर्तुळातला एक होता, किंग क्रिम्सन या इंग्लिश बँडचा गिटारिस्ट रॉबर्ट फ्रिप. पुढच्या दौऱ्यात तोही आला, पण मंचाच्या कडेला आडोशात बसून आणि डस्टी रोड्स हे टोपणनाव घेऊन. गॅब्रिएलचं लेव्हिनशी तिथे जुळलं ते पुढे कित्येक दशकं टिकलं.

मीही ठरवलं की जुन्या बँडमधल्या कुणालाही वाजवायला बोलवायचं नाही. वैर म्हणून मुळीच नाही. ओळखीचा वादक माझी ओळ पूर्ण व्हायच्या आत पुढचं ओळखतो, आणि मला माझी ओळ पूर्ण करायची होती. सेशन वादकांबरोबर एक सवय मात्र लावून घ्या: लिहून न्या. बँडमध्ये "तो मधला भाग" म्हटलं की सगळ्यांना कळायचं. तासाचे पैसे चालू असताना अनोळखी बेसिस्टला ते कळत नाही. गाण्याचा आराखडा, आवर्तनांची संख्या, स्वर, ठाय की द्रुत, सगळं एका कागदावर आणि त्याची प्रत प्रत्येकाला.

आता त्याच अल्बममधली चूक, कारण माझीही तीच झाली. शेवटचं गाणं 'हिअर कम्स द फ्लड' एझरिनने भव्य केलं. मोठी गिटार, मोठे ड्रम्स, मोठी लाट. गॅब्रिएलला ते नंतर जड वाटलं. फ्रिपच्या 1979 च्या 'एक्सपोजर' अल्बमवर त्याने तेच गाणं अगदी साध्या साथीवर पुन्हा गायलं. दोन्ही लागोपाठ ऐका, दिवे घालवून ऐका. दुसऱ्यात त्याचा आवाज कानाजवळ येतो आणि शब्दांतला पूर खरा वाटायला लागतो. माझ्यासाठी हा एका तासाचा अभ्यास कुठल्याही कोर्सपेक्षा मोठा ठरला.

माझ्या अल्बमचं चौथं गाणं मिक्सला गेलं तेव्हा त्यात एकाहत्तर ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे नोंदवलेले आवाजाचे थर, होते. तीन दिवस आम्ही आवाज वर आणत होतो, काहीतरी दुसरं खाली जात होतं. शेवटी मिक्स करणारा मुलगा म्हणाला, "ताई, डेमो लावूया का एकदा?" डेमो मे महिन्यातला. घरी, दुपारी, पंखा बंद करून गायलेला, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये यायची. हेडफोनच्या गाद्या घामाने ओल्या झाल्या होत्या, दुसऱ्या कडव्यात मी घाम पुसते तो कापडाचा आवाजसुद्धा ऐकू येतो. पेटी, तानपुरा, आवाज. लावला आणि स्टुडिओत कुणी बोललं नाही. आम्ही एकाहत्तरपैकी सहा ट्रॅक ठेवले आणि आवाज डेमोचाच घेतला. कापडाची खसखसही ठेवली.

कागदपत्रांचं थोडक्यात, पण टाळू नका. 1988 मध्ये फिश हा गायक मॅरिलियन हा बँड सोडून गेला, तेव्हा पुढच्या अल्बमचं काम अर्धवट होतं. शब्द त्याच्याकडे राहिले, संगीत बँडकडे. बँडने ते संगीत 1989 च्या 'सीझन्स एंड'साठी वापरलं. फिशचा 'व्हिजिल इन अ विल्डरनेस ऑफ मिरर्स' हा स्वतंत्र अल्बम तयार असूनही जानेवारी 1990 मध्ये आला, कारण दोघांची कंपनी एकच, ईएमआय, आणि तिला दोन्ही एकमेकांवर आदळू द्यायचे नव्हते. तरी तो ब्रिटनमध्ये 5 व्या क्रमांकावर गेला. वाटणी स्पष्ट असली की दोन्ही बाजू जगतात, ते यातून दिसतं.

आमच्या बँडमध्ये कुठलं गाणं कुणाचं हे कधीच लिहिलेलं नव्हतं. सहा वर्षांनी प्रत्येकाची आठवण वेगळी. आजच एका पानावर गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के, खाली सगळ्यांच्या सह्या, एवढं करा. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तिच्यामुळे गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. गाणं आणि त्याचं ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क आहेत, हे डोक्यात पक्कं ठेवा. शब्द-चालीसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सदस्यत्व घ्या, आणि प्रत्येक ट्रॅकला, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या प्रत्येक गाण्याला, त्याची स्वतंत्र ओळख सांगणारा 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळालाय ना ते वितरणाआधी तपासा. माझ्या दोन ट्रॅकना वितरण करणाऱ्यांनी चुकून एकच क्रमांक लावला होता, ते निस्तरायला सात आठवडे गेले.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगत नाही. तुम्ही शांत बसलेल्या काळात बँड पुढे जातो. जेनेसिसने बऱ्याच गायकांच्या चाचण्या घेतल्या आणि शेवटी ड्रमर फिल कॉलिन्सलाच गायला उभं केलं. त्यांचा 'अ ट्रिक ऑफ द टेल' फेब्रुवारी 1976 मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये 3 ऱ्या क्रमांकावर गेला, गॅब्रिएलसोबतच्या शेवटच्या अल्बमपेक्षा वर. गॅब्रिएलचा अल्बम यायला तेव्हा अजून वर्ष होतं.

आमच्या बँडला सात महिन्यांत नवी गायिका मिळाली. तिचा पहिला कार्यक्रम मी मागच्या रांगेत उभी राहून ऐकला. माझं सगळ्यात लांब गाणं ती गात होती आणि तिसऱ्या कडव्यात तिचा श्वास तुटला, जिथे माझा पहिली दोन वर्षं तुटायचा. कार्यक्रमानंतर मी तिला गाठलं. माझ्या वहीतलं त्या गाण्याचं पान फाडून आणलं होतं, श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलने खुणा केलेलं. ती म्हणाली, "ताई, हे तुम्हाला लागेल ना?" मी म्हटलं, नाही, मी आता सातमध्ये गाते, माझे श्वास वेगळ्या जागी येतात.