बिल आलं नाही म्हणून देणं नाही? विमा शाखेच्या हिशेबात या चुका टाळा

रावेरकडचा केळीचा व्यवहार आठवा. घड कापले, वजन झालं, ट्रक भरून निघाला. पट्टी, म्हणजे भावासकट हिशेबाचा कागद, उद्या-परवा होईल. पट्टी झाली नाही म्हणून व्यापाऱ्यावर देणं नाही, हे कुठला शेतकरी ऐकून घेईल? पण ३१ मार्चला आयुर्विमा शाखेत नेमकं हेच ऐकू येतं: “बिल उनं नही, मंग देनं कसानं?”

पट्टी झालेला माल म्हणजे अकाउंट्स पेएबल: बिल आलं, मंजूर झालं, पैसे द्यायचे बाकी. वजन झालं पण पट्टी बाकी, ती अक्रूड लायबिलिटी. मार्चची वीज, सुरक्षारक्षकाचा पगार, मार्चच्या हप्त्यांवरचं एजंटांचं कमिशन हे सगळं त्यात. ऑफिसात सरसकट ‘प्रोव्हिजन’ म्हणतात. शास्त्रात प्रोव्हिजन वेगळी, तिथे रक्कम किंवा वेळच अनिश्चित असते. असो.

सगळ्यात जास्त घोळ एप्रिलात होतो. समजा मार्चच्या विजेपोटी ४०,००० धरले आणि बिल आलं ४२,५०० चं. १ एप्रिलला मार्चची नोंद उलटवली, म्हणजे उलट नोंद करून ती रद्द केली, तर नव्या वर्षावर फक्त २,५०० पडतात. उलटवायची राहिली तर पूर्ण ४२,५०० पुन्हा खर्चात जातात आणि ४०,००० चं भूत देण्यांत बसून राहतं. जूनमध्ये खतावणी (लेजर) काढा. मार्चची रक्कम तशीच दिसली, तर आधी बिल वेगळ्या खात्यावर चढलंय का ते बघा.

कमिशन धरलं की टीडीएस, म्हणजे त्यातून आधीच कापायचा आयकर, विसरू नका. रक्कम सस्पेन्सला, म्हणजे तात्पुरत्या खात्यात, टाकली तरी तो टळत नाही. मार्चचा भरायला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते.

दावे मात्र या खर्चाच्या देण्यांत मिसळू नका. मृत्यूची सूचना २८ मार्चला आली आणि कागद अपुरे असले, तरी तो ‘थकीत दावे’ या ओळीत दिसला पाहिजे. मुदतपूर्तीची रक्कम देय तारखेलाच देणं बनते. आणि चालू पॉलिसींची भविष्यातली जबाबदारी अ‍ॅक्चुअरी (विमागणिती) काढतो, ती आपल्या खतावणीत शोधू नका. पॉलिसी निघण्याआधी जमा झालेला हप्ताही उत्पन्न नाही, तोवर ते देणंच.

शेवटची चूक मला सगळ्यात खटकते. बँकांचं विलीनीकरण झालं, आयएफएससी बदलला, यावलच्या कुणाची तरी रक्कम एनईएफटीने परत आली. वर्षभर कुणी विचारलं नाही, म्हणून ती ‘इतर उत्पन्ना’त टाकायची? पैसा पॉलिसीधारकाचा आहे. तो ‘न मागितलेल्या रकमां’त ठेवावा लागतो, आणि दहा वर्षं उलटल्यावर ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातो. त्याआधी त्या घरी एक फोन तरी करा.