शुभार्थींना संशोधनात सोबत घेताय? या चुका टाळा

आमच्या एका अभ्यासाच्या प्रश्नावलीत प्रश्न होता, ‘गोळ्या नियमित घेता का?’ छापून आल्यावर ती एका शुभार्थींना, म्हणजे मानसिक आजारासोबत जगणाऱ्या एका गृहस्थांना, दाखवली. ते म्हणाले, “शेजारी बायको बसलेली असताना ‘नाही’ कोण म्हणेल? गेल्या आठवड्यात किती गोळ्या घ्यायच्या राहिल्या ते विचारा. आणि एकट्याला विचारा.” तोवर चारशे प्रती छापून झाल्या होत्या. (तशाच वापरल्या. अजून खटकतं.)

सगळं ठरल्यावर बोलावणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. प्रश्न कोण ठरवतो यावर उत्तरं बदलतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या डायना रोझ यांनी मानसोपचार सेवा रुग्ण म्हणून अनुभवल्या होत्या. त्यांच्या चमूने ईसीटीबद्दलचे, म्हणजे शॉक उपचारांबद्दलचे, जुने अभ्यास तपासले. निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले. डॉक्टरांनी केलेल्या अभ्यासांत समाधानी रुग्ण जास्त, रुग्णांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासांत कमी. इस्पितळातच, उपचारांनंतर लगेच, डॉक्टरांनीच मोजके प्रश्न विचारले की रुग्ण ‘बरं वाटलं’ म्हणून मोकळा होतो. स्मरणशक्तीवर टिकून राहिलेला परिणाम मात्र किमान एक तृतीयांश रुग्णांनी सांगितला होता.

आपल्याकडची खास चूक म्हणजे शुभार्थीऐवजी शुभंकराला, म्हणजे त्याची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला, विचारणं. बैठकीत आई बोलते, मुलगा चहा पितो, आणि इतिवृत्तात ‘रुग्णांचा सहभाग’ अशी नोंद होते. आईचं म्हणणं हवंच, पण वेगळ्या बैठकीत.

संमतीपत्रावर सही घेतली म्हणजे सोबत घेतलं, असंही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९९ नुसार संशोधनातल्या व्यक्तीची माहितीपूर्ण संमती लागतेच. पण ती ज्याच्यावर अभ्यास होतो त्याची. संशोधनात सोबत घेतलेल्या शुभार्थीला काम, मत आणि मानधन लागतं.

बैठकीत कोणी बोलतच नसेल तर आधी घड्याळ बघा. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी सकाळी साडेनऊला उतरलेली नसते. दुपारी बोलवा, मध्ये सुट्टी द्या, पाणी समोर ठेवा, कारण काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. कप काठोकाठ भरू नका. हात थरथरत असेल तर माणूस चहालाच नको म्हणतो. प्रवासखर्च त्याच दिवशी रोख द्या. ‘बिल पाठवा, बघू’ म्हटलं की पुढच्या वेळी खुर्ची रिकामी.

मध्येच कोणी आजारी पडलं तर काय, हे सुरुवातीलाच त्यांच्यासोबत बसून लिहून ठेवा: फोन कोणाला करायचा, कोणाला अजिबात नाही, काम किती दिवस राखून ठेवायचं. न विचारता नाव वगळू नका.

शेवटी शोधनिबंधावरच्या नावाबद्दल. सहलेखक म्हणून नाव हक्काचं आहे, पण ते इंटरनेटवर कायमचं राहतं. उद्या नोकरीच्या ठिकाणी, लग्नाच्या बोलण्यात कोणीही शोधेल. म्हणून दोनदा विचारा, एकदा सुरुवातीला आणि एकदा छापायला देण्याआधी. आमच्यातल्या एकांनी पहिल्यांदा ‘हो’ म्हटलं होतं, दुसऱ्यांदा ‘फक्त आद्याक्षरं टाका’ म्हणाले.