एका जॅकला दोन हेडफोन: या चुका टाळा

पुणे–नागपूर गाडीत धाकट्या भावाने एका म्युझिक प्लेअरला स्प्लिटर, म्हणजे एका जॅकची दोन भोकं करणारी वायर लावली; एका भोकात माझ्या इअरफोनची पिन, दुसऱ्यात त्याच्या. माझ्या कानात सगळं ठीक. तो मात्र म्हणाला, "दादा, गाणं खराब उतरवलंयस. व्हायोलिनं खणखणीत, आणि गायक विहिरीतून गातोय."

गाणं ठणठणीत होतं. त्याच्या इअरफोनला माइक होता. वायरीवरचं बटण दाबून धरलं की गायक परत यायचा, सोडलं की पुन्हा विहिरीत!

तुमची पिन नीट पाहा. दोन काळ्या रेघा म्हणजे साधा स्टिरिओ, तीन रेघा म्हणजे माइकवाला. काही स्वस्त स्प्लिटरांत तीन रेघांची पिन पूर्ण आत गेली की ग्राउंडचा (दोन्ही कानांच्या समाईक परतीच्या तारेचा) पत्रा माइकच्या कडीवर टेकतो आणि ग्राउंड तुटतो. मग कानांत डाव्या-उजव्या आवाजातला फरक तेवढा पोहोचतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच भरलेला असतो, म्हणून तोच नाहीसा होतो. बटण दाबलं की माइक ग्राउंडला जोडला जातो, म्हणून तेवढ्यापुरतं जमतं. पिन केसभर बाहेर ओढून बघा. नाहीच जमलं तर स्प्लिटर बदला, इअरफोन फेकू नका.

घेतानाच होणारी चूक वेगळी. दुकानात 'एकाला दोन' मागितलं की कधी कधी एक भोक हेडफोनचं आणि दुसरं माइकचं असलेली वायर हातात पडते. भोकांशेजारी माइकचं चित्र असेल तर ती आपल्या कामाची नाही.

आता आवाज कमी होण्याचं. स्प्लिटर आवाज अर्धा करतो असं सर्रास म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. ओहम म्हणजे इअरफोन विजेला करतो तो विरोध. ३२ ओहमचे दोन इअरफोन जोडले की प्लेअरला १६ ओहमचा भार दिसतो. प्लेअर दमदार असेल तर फरक जाणवतही नाही. घोळ होतो तो बेमेळ जोडीत. १६ ओहमचे इअरफोन आणि ३०० ओहमचे मोठे हेडफोन एकाच स्प्लिटरवर लावले, तर व्होल्टेज दोघांना तेच मिळतं, पण मोठ्याला शक्ती छोट्याच्या जेमतेम एकोणिसावा हिस्सा. प्रत्येक भोकाला आवाजाचं वेगळं बटण असलेला बिनबॅटरीचा स्प्लिटर इथे मर्यादित कामाचा: तो आवाज कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. वाढवायचा तर बॅटरीवरचा छोटा अ‍ॅम्प हवा.

अ‍ॅम्प आणला की लोक बास दोन्हीकडे वाढवतात, प्लेअरच्या इक्वलायझरमध्येही आणि अ‍ॅम्पवरही. ६ डेसिबल बास वाढवणं म्हणजे त्या पट्ट्यात चौपट शक्ती मागणं. ती नसली की ढोल फाटतो आणि शिव्या बिचाऱ्या हेडफोनला. बास एकाच ठिकाणी वाढवा, आणि इक्वलायझरमध्ये प्रीअ‍ॅम्प (एकूण पातळीची पट्टी) असेल तर तेवढाच खाली घ्या. प्लेअरचा आवाज अगदी खाली ठेवून सगळा भार अ‍ॅम्पवर टाकला तर खरखर वाढते; पाऊण ठेवून पुढचं अ‍ॅम्पवर करा. आणि जुन्या आयपॉड क्लासिकच्या ३० पिनांच्या पोर्टातून लाइन आउट (अ‍ॅम्पला द्यायचा ठरावीक पातळीचा आवाज) घेणार असाल, तर तिथे प्लेअरचं व्हॉल्यूम चालत नाही. आधी अ‍ॅम्पचं बटण शून्यावर आणा, मग हेडफोन कानाला लावा.

स्प्लिटर उलटा वापरून दोन प्लेअर एका स्पीकरला जोडायचा उद्योग करू नका. दोन्ही आउटपुट एकमेकांवरच जोर लावतात. त्याला मिक्सर लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित ऐकण्याची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे, ९० डेसिबलला फक्त ४. स्प्लिटरमुळे कमी झालेला आवाज भरून काढायला आपण प्लेअर वर नेतो, आणि शेजारच्याने पिन उपटली की कमकुवत प्लेअरवर भार हलका होऊन आपल्या कानात आवाज एकदम चढतो. भावाला भुसावळला चहा प्यायला उतरायचं होतं, तेव्हा हे मला नीटच कळलं. आता उठणारा आधी प्लेअरचा आवाज उतरवतो, मग पिन काढतो.