चौथा कॅनल

"ओ डॉक्टर, नस काढली म्हणालात, मग ठणकतीया कशी?"

अशोक चौकाच्या बाजूला विड्या वळणाऱ्या एक मावशी माझ्यासमोर बसल्या होत्या. घरी तेलुगू, पण ठणक त्यांनी अस्सल सोलापुरी मराठीत सांगितली. वरची उजवी पहिली दाढ. आठ महिन्यांपूर्वी मीच तिची आरसीटी, म्हणजे रूट कॅनल ट्रीटमेंट, केली होती. तीन कॅनल, म्हणजे मुळांतल्या नसेच्या नळ्या, तिन्ही टोकापर्यंत पांढरेशुभ्र भरलेले. तो एक्स-रे मी तेव्हा मित्रांना मोबाइलवर दाखवून कौतुकही करून घेतलं होतं.

बीडीएसची इंटर्नशिप संपवून नुकतंच क्लिनिक थाटलेल्यांसाठी हे लिहितोय. कॉलेजात ठरावीक केसेसचा कोटा पूर्ण करताना आपल्या डोक्यात एक चित्र बसतं: एक मूळ, एक नळी, फाइल (सुईसारखी बारीक कानस) घालायची, रुंद करायची, भरायची. मावशींच्या दाढेने ते चित्र मोडलं.

एक्स-रे पुन्हा काढला, या वेळी ट्यूब तिरकी धरून. पुढच्या गालाकडच्या मुळात भरलेली पांढरी रेघ मुळाच्या मधोमध नव्हती, एका कडेला सरकलेली होती. हे लक्षात ठेवा. रेघ मधोमध नसेल तर उरलेल्या बाजूला काहीतरी राहिलंय असा संशय घ्यायचा. इथे राहिला होता एमबी-टू, म्हणजे याच मुळातला दुसरा कॅनल. वरच्या पहिल्या दाढेत हा चौथा कॅनल अपवाद नाही, बहुतेक दाढांत तो असतो. सापडत नाही एवढंच.

मी दाढ माझ्या सीनियर मॅडमकडे पाठवली आणि बघायला स्वतः गेलो. मायक्रोस्कोपखाली त्यांनी आधी काहीच केलं नाही. चेंबर, म्हणजे दाढेच्या आतली पोकळी, कोरडं केलं आणि नुसतं बघत बसल्या. खालची जमीन करड्या रंगाची, भिंती फिकट, आणि जमिनीवर गडद रेषा. कॅनलची तोंडं जमीन आणि भिंत मिळतात त्या कडेवरच सापडतात. हा नियम क्रास्नर आणि रँको यांनी २००४ मध्ये ५०० दात कापून, तपासून मांडला. आम्ही परीक्षेसाठी तो पाठ केला होता, पण प्रत्यक्षात जमिनीकडे कधी बघितलंच नव्हतं. पहिल्या एमबीपासून टाळूच्या कॅनलकडे जाणाऱ्या रेषेवर, किंवा तिच्या किंचित पुढे, दोनेक मिलिमीटरवर डेंटिनचा (दाताच्या आतल्या कठीण थराचा) एक ओठ आला होता. अल्ट्रासॉनिक टिपने तो हळूहळू उतरवला. मग चेंबरमध्ये हायपोक्लोराइटचा (कॅनल धुण्याच्या जंतुनाशक द्रावणाचा) थेंब सोडला, आणि एका ठिपक्यातून बारीक बुडबुडे यायला लागले. आत जिवंत किंवा सडलेलं काही असलं की ते असं फसफसतं. ८ नंबरची के-फाइल, अगदी बारीक, तिथे अडकली, वळली, आत गेली. बाहेर आली तेव्हा वास आला. तो वास माझा होता, म्हणजे माझ्या कामाचा.

मायक्रोस्कोप लगेच घ्यायला सांगत नाही. सोलापुरात पहिल्या दोन वर्षांत ते परवडत नाही, आणि पेशंट तर "एका बसणीत उरकतंय का?" हे विचारूनच खुर्चीत बसतो. पण लूप्स (डोळ्यांवर लावायची भिंगं) आणि डोक्यावरचा दिवा आधी घ्या. रंगीत खुर्ची आणि स्वागतकक्षाचा सोफा नंतर. रबर डॅमबद्दल (दाताभोवती ताणायच्या रबरी पडद्याबद्दल) वादच नको. तो १८६४ पासून आहे आणि आजही "वेळ जातो" म्हणून कपाटात पडून असतो.

आता खरं काम, साफसफाईचं. फाइल कॅनल साफ करते हा आपला गैरसमज. फाइल वाट करून देते, साफ करतं ते पाणी, म्हणजे आत सोडलेलं द्रावण. २००१ मध्ये पीटर्स आणि सहकाऱ्यांनी मायक्रो-सीटी स्कॅनवर दाखवलं की कुठलीही रोटरी (मोटरवर फिरणारी फाइल) वापरली तरी भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाइलला शिवतच नाही. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळात दोन कॅनलच्या मधे जी चपटी फट असते, इस्थमस, तिथे फाइल पोहोचणार कशी? तिथे हायपोक्लोराइटच जाणार, तेही ढवळलं तर.

ढवळायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. बसवून ठेवलेला गटापर्चा (कॅनल भरायचा रबरासारखा पदार्थ) कोन चिमट्यात धरा आणि हायपोक्लोराइट भरलेल्या कॅनलमध्ये दोन-तीन मिलिमीटर वरखाली करा, मिनिटाला शंभरेक झटके. वर येणारं पाणी गढूळ दिसतं तोवर आपलं काम संपलेलं नाही. सुई ३० गेजची, बाजूला छिद्र असलेली, टोकापासून एक-दोन मिलिमीटर अलीकडे आणि कायम सैल. सुई अडकली की थांबा. पिस्टन अंगठ्याने नाही, तर्जनीने दाबा, जोर आपोआप कमी लागतो. हायपोक्लोराइट मुळाबाहेर गेलं तर पेशंट खुर्चीतून उठतो, गाल डोळ्यांदेखत फुगतो आणि काळानिळा पडतो. एकदा पाहिलंत की आयुष्यभर तर्जनीच वापराल.

शेवटी १७ टक्के ईडीटीए (भिंतीवर बसलेला भुशाचा थर विरघळवणारं द्रावण) मिनिटभर, मग पुन्हा हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र मिसळू नका, ईडीटीए हायपोक्लोराइटची ताकदच खातं. आणि हायपोक्लोराइटवर थेट क्लोरहेक्सिडीन, हे दुसरं जंतुनाशक, ओतलंत तर भगव्या-तपकिरी रंगाचा साका बसतो, तो कॅनलमधून काढता काढता नाकी नऊ येतात. मधे सलाइनने धुवा.

आणि सोलापूरकरांसाठी खास: एप्रिल-मेच्या उन्हात हायपोक्लोराइटची बाटली खिडकीजवळच्या फळीवर ठेवू नका. ऊन आणि उष्णता त्यातला क्लोरीन उडवतात. मी एक अख्खा उन्हाळा बहुधा खारट पाण्यानेच कॅनल धुतले. आता गडद बाटली, थंड जागा, आणि बाटली उघडल्याची तारीख वर लिहिलेली.

सी-आकाराचा कॅनल खालच्या दुसऱ्या दाढेत भेटतो. जमिनीवर तीन भोकांऐवजी इंग्रजी सी अक्षरासारखी सलग चीर दिसते. तिथे जिभेकडच्या बाजूला भिंत फार पातळ असते, त्या बाजूला फाइल दाबली की दाढेला खिडकी पडलीच म्हणा. फाइल कमी, पाणी जास्त, आणि एकदोन आठवडे आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध. भरताना गरम करून वितळवलेला गटापर्चा, कारण एकाच कोनाने ती चीर भरत नाही. मधल्या काळात तात्पुरत्या सिमेंटवर कडक भाकरी चावू नका, हे इथे वेगळं बजावून सांगावं लागतं. "मऊ खा" म्हटलं तर पेशंट शेंगाचटणी-भाकरीला मऊच धरतो.

हे सगळं हाताला बसवायचं तर काढलेल्या दातांवर. पेशंटला विचारून दात घ्या, निर्जंतुक करा, उभे-आडवे कापून बघा. जमल्यास एकदा दात पारदर्शक करा: कॅनलमध्ये काळी शाई सोडायची, ५ टक्के नायट्रिक आम्लात दोन-तीन दिवस ठेवायचा, आम्ल रोज बदलायचं, मग धुऊन चढत्या टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये सुकवायचा, शेवटी मिथाइल सॅलिसिलेटमध्ये. खोलीभर दुखण्यावरच्या बामाचा वास सुटतो, आणि काही तासांत दात काचेसारखा होतो. आत काळ्या शाईची मुळं, फाटे, टोकाशी त्रिभुज प्रदेशासारखं जाळं. माझी अशी एक बाटली टेबलावर आहे. एक्स-रे दाखवून जे पेशंटला पटत नाही ते त्या बाटलीने पटतं.

दाढ तुमच्या हाताबाहेरची आहे हे ओळखण्याची वेळ चेंबर उघडल्यावरच येते असं नाही. एक्स-रेत कॅनल अर्ध्या वाटेत अचानक गायब होताना दिसला, तर तो तिथून दोन फाटे फोडतोय असं समजा. खालच्या पहिल्या उपदाढेत हे बरेचदा भेटतं. मग दात उघडण्याआधीच एंडोडॉन्टिस्टकडे (रूट कॅनलच्या तज्ज्ञाकडे) पाठवा. आधीच उघडला असेल तर चिठ्ठीत लिहा: कोणते कॅनल सापडले, लांबी किती आली, कुठे अडलं. फाइल तुटली असेल तर तेही लिहा, आणि पेशंटला ते आधी तुम्हीच सांगा. पुढच्या डॉक्टरच्या एक्स-रेत ती दिसणारच आहे.