चिलटाचा फोटो पाठवताय? पंखाच्या शिरा दिसू द्या

पावसाळा लागला की सांगली, मिरज, तासगावकडनं मला फोटो यायला लागतात, "हे कुठलं चिलट सांगा की", आणि फोटोत ट्यूबलाइटखाली नुसता एक काळा ठिपका. त्यावरनं खरंच काही कळत नाही हो. रंगावर तर जाऊच नका, उजेड बदलला की रंग बदलतो.

तीन फोटो काढा. एक वरनं, पंखाच्या शिरा दिसतील असा, एक बाजूनं, एक तोंडाचा. मोबाईलला क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावा आणि मेलेलं असेल तर आलेखाच्या कागदावर ठेवा, त्यातला बारीक चौकोन १ मिमीचा असतो म्हणजे मापाचा प्रश्न मिटला.

आता आधी पंख मोजा. चिलट, डास, माशी, सगळ्यांना दोनच पाहिजेत, मागच्या पंखांच्या जागी टोकाला गाठ असलेल्या दोन दांड्या असतात, उडताना तोल सांभाळायला. चार पंख असले तर ते यातलं नाहीच, पंखवाला मावा (पिकाचा रस शोषणारा किडा) कितीतरी जण चिलट म्हणून पाठवतात. मग मिशा बघा. लांब आणि मण्यामण्यांच्या असल्या तर डास-चिलटांची बाजू, आखूड असल्या तर माशांची.

कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी डोक्यावर जो थवा घोंगावतो त्याला सगळे डास म्हणतात, पण त्यात बरेचदा कायरोनोमिड म्हणजे डासासारखी दिसणारी चिलटं असतात, ते चावत नाहीत. डासाला लांब सोंड आणि पंखाच्या शिरांवर खवले, यांना दोन्ही नाही. बसल्यावर डास सहसा मागचे पाय उचलतो, हे पुढचे उचलतात. पिसासारख्या मिशांवरनं मात्र ठरवू नका, नर डासालाही तशाच असतात.

बाथरूमच्या भिंतीवरचं केसाळ, छोट्या पतंगासारखं दिसतं ते मोरीतलं चिलट. कुंडीतल्या ओल्या मातीवरचं काळं असेल तर पंखाच्या मधोमध शीर दुभंगून बेचक्यासारखी झालीय का बघा, तसं असलं तर फंगस नॅट, म्हणजे बुरशीवरचं चिलट. पिकलेल्या द्राक्षावरची लाल डोळ्यांची ३ मिमीची ती ड्रोसोफिला नावाची बारीक माशी.

आणि एक आपल्याकडची. गेल्या साली चुलतभावानं "लांब पायाचा डास" म्हणून फोटो पाठवला, मी झूम केलं तर सोंडच नाही, मिशा आखूड, अंग काळं बारीक, पाय अंगापेक्षा लांब, पारदर्शक पंखांवर राखाडी ठिपके. हळदीची कंदमाशी! तिच्या अळ्या सडक्या गड्ड्यात सापडतात, म्हटलं आधी रानात जा आणि चार रोपं उपटून गड्डे फोडून बघ.

एवढ्यावरनं कूळ कळतं, नेमकी जात बऱ्याचदा मायक्रोस्कोपशिवाय सांगता येत नाही, तेव्हा कुणी फोटोवरनं छातीठोक सांगितलं तर कशावरनं ते विचारा. आणि फोटोखाली तारीख, गाव, कशावर बसलं होतं ते लिहाच. भावानं "हळदीच्या पानावर" एवढं लिहिलं होतं, माझं अर्धं काम तिथंच झालं.