मेपलच्या कॅबिनेटवर ढगाळ डाग का पडतात?

मेपल फिकट आणि बारीक छिद्रांचं लाकूड. त्यावर पातळ स्टेन (लाकडात मुरणारा रंग) फडक्याने फिरवला की तो कुठे जास्त मुरतो, कुठे कमी. दारभर ढगाळ डाग उमटतात आणि सगळं पुन्हा घासावं लागतं.

फिकट रंग आवडत असेल तर स्टेनच्या फंदात पडूच नका. १५० आणि मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा आणि थेट वॉटरबेस पॉलियुरेथेन (वरचा पारदर्शक संरक्षक थर) लावा. ऑइलबेस लावाल तर फिकट मेपल हळूहळू पिवळं दिसू लागतं.

गडद छटा हवीच असेल तर आधी लाखेचा पातळ हात द्या: एक लिटर स्पिरिटमध्ये ६० ग्रॅम मेण काढलेला चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे). दोन तासांनी ३२० चा पेपर अगदी हलका फिरवा, मग जेल स्टेन (जेलीसारखा घट्ट स्टेन). फळीची आडवी कापलेली टोकं रंग अधाशासारखी पितात, तिथे २२० पर्यंत घासून लाखेचा आणखी एक हात. ऑइलबेस जेल स्टेन किमान २४ तास वाळू द्या. ओलसर राहिला तर वरचं वॉटरबेस पापुद्र्यासारखं सुटतं. स्टेनची फडकी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

पॉलियुरेथेनचे तीन पातळ हात पुरतात. पहिल्यानंतर लाकडाचे तंतू उभे राहून हाताला खरखरीत लागतं, ते ३२० ने काढा. सिंकखालच्या दाराची खालची कड हमखास राहून जाते आणि आधी तीच फुगते.